‘चालकाचा ताबा सुटला’ असं लिहिण्याआधी

डोंगरात कामाच्या गाड्या पाठवणारे मालक, कंत्राटदार आणि वाहतूक विभाग सांभाळणारे साहेब, सगळ्यांना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत असण्याचं काही कारण नाही. २२ वर्षं मी तुमच्यासारख्यांच्याच गाड्या चालवल्या. डंपर, पाण्याचा टँकर, कामगारांना नेणारा पिकअप, मध्ये दोन वर्षं लाकडाचा ट्रक. क्लच दाबून दाबून डावा गुडघा बोलायला लागला तेव्हा मला ऑफिसात बसवलं आणि दोन कामं दिली. नव्या पोरांना घाट शिकवायचा आणि अपघात झाला की त्याची नोंद करायची. नोंदीसाठी छापील फॉर्म असतो. गाडीचा नंबर, तारीख, वेळ, माल, नुकसान आणि सगळ्यात खाली ‘अपघाताचं कारण’. नुकसानीला अर्धं पान दिलंय, कारणाला एक ओळ. त्या एका ओळीत बसणारं वाक्य सगळ्यांना पाठ आहे : चालकाचा ताबा सुटला.

मीही ते लिहिलंय. बरेचदा खरं म्हणून लिहिलं. तीन वेळा मात्र, ते अपुरं आहे हे माहीत असताना लिहिलं. हे पत्र त्या तीन फॉर्मबद्दल आहे.

वाक्य तसं खोटं नाही. गाडी दरीकडे निघाली म्हणजे ताबा सुटलाच. पण केव्हा सुटला? वळणावर, की त्याआधी २० मिनिटं, घाटमाथ्यावर चुकीच्या गिअरमध्ये गाडी खाली सोडली तेव्हा? की आदल्या संध्याकाळी, कुणीतरी फोनवर ‘सकाळी सातला माल पोचला पाहिजे’ म्हणून सांगितलं तेव्हा? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा गाडीचं चाक हलायच्या आधीच अर्ध्याहून जास्त ताबा सुटलेला असतो, आणि तो सुटलेला असतो ऑफिसात.

पहिला फॉर्म डंपरचा. त्याच्याआधी माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, म्हणजे मी तो फॉर्म भरताना गप्प का बसायला नको होतं ते कळेल.

चालक म्हणून माझं तिसरं वर्ष. खडी भरलेला डंपर घेऊन घाट उतरत होतो. रस्ता कोरडा, ऊन स्वच्छ, गाडीची सर्व्हिसिंग पंधरा दिवसांपूर्वीची. चौथ्या गिअरमध्ये होतो. वेग वाढला की ब्रेक, कमी झाला की सोड, पुन्हा वाढला की पुन्हा ब्रेक. असं सहा-सात किलोमीटर चाललं. क्लीनर म्हणाला, “वस्ताद, काहीतरी जळतंय.” मी म्हटलं, पुढच्या गाडीचा क्लच असेल. तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. जुनं रबर आणि केस एकत्र जळावेत तसा, नाकात शिरून बसणारा. आरशात पाहिलं तर मागच्या चाकांतून निळसर धूर येत होता. पुढच्या वळणाला पॅडल दाबलं. पॅडल खाली गेलं, ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारा काटा जागेवर होता, फुस्सकन आवाजही नेहमीसारखा आला, फक्त गाडी थांबेना. पाय पूर्ण दाबलेला आणि गाडी हळूहळू वेग घेतेय, हे सहा-सात सेकंद माणूस विसरत नाही. मी गाडी डोंगराच्या बाजूला घातली. गटारात चाक गेलं, डाव्या अंगानं कातळ घासत चाळीस-पन्नास फूट गेलो आणि थांबलो. आरसा, केबिनचा दरवाजा आणि डिझेलची टाकी गेली. आम्ही दोघं वाचलो.

खरी गोष्ट पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. गाडी ओढून सपाटीवर आणली, स्टार्ट केली, हवा भरू दिली, पुढे घेतली आणि ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी उभी. त्यानं कागदावर लिहिलं : ब्रेक व्यवस्थित. मालकानं तो कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “आता बोल.” मला बोलता आलं नाही, कारण मलाच कळलं नव्हतं काय झालं ते. चार महिने पगारातून पैसे कापले गेले.

काय झालं होतं ते पुढे पाच-सहा वर्षांनी कळलं. तापलेला ब्रेक आणि थंड ब्रेक या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं, तापला की फुगतो, त्याचा व्यास वाढतो, म्हणजे त्याला आतून घासून गाडी थांबवणारा लायनर त्याच्यापासून लांब जातो. त्याला गाठायला, हवेच्या दाबानं लायनर ढकलणाऱ्या ढकलदांड्याला जास्त बाहेर यावं लागतं. ॲडजस्टमेंट आधीच ढिली असेल तर दांड्याची चाल संपते आणि लायनर ड्रमला जेमतेम टेकतो. त्यात लायनरचा मालमसाला ठरावीक तापमानापुढे पकड सोडतो, त्याच्यावर काचेसारखी चकाकी येते. आता गाडी रात्रभर उभी राहू द्या. ड्रम आकसतो, लायनर पुन्हा भिडतो, ब्रेक लागतो. थंड झालेला ब्रेक चालकाच्या विरुद्ध साक्ष देतो, आणि ती साक्ष खोटी असते.

म्हणून पहिली विनंती. घाटातल्या अपघातानंतर ‘ब्रेक लागतो का’ एवढं बघून कागदावर सही करू नका. ड्रम उघडायला लावा. आतल्या अंगाला निळे-जांभळे डाग दिसतात का, केसासारख्या बारीक भेगा पडल्यात का, लायनर चकाकतोय का, प्रत्येक चाकाच्या दांड्याची चाल किती, हे बघा. तासाभराचं काम आहे. चालकाची नोकरी त्याच्यावर अवलंबून असते.

उष्णता किती असते याचा अंदाज ऑफिसात बसून येत नाही, म्हणून थोडा हिशेब मांडतो. १६ टनांची भरलेली गाडी. १० किलोमीटरचा उतार, दर १०० मीटरला ६ मीटर खाली जाणारा. म्हणजे गाडी ६०० मीटर खाली येते. एवढं वजन एवढ्या उंचीवरून हळू उतरवायचं तर सुमारे २६ युनिट विजेइतकी ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. ताशी ३० च्या वेगानं हा उतार २० मिनिटांत संपतो. एक हजार वॉटच्या ७८ इस्त्र्या एकदम लावून २० मिनिटं चालू ठेवल्या तर जेवढी उष्णता होईल तेवढी. थोडी टायरांत जाते, थोडी वाऱ्यात. बाकीची एक तर इंजिननं घ्यायची, नाही तर चाकांच्या ड्रमनी. तिसरी जागा नाही.

इंजिननं ती घ्यावी म्हणूनच खालच्या गिअरमध्ये उतरायचं असतं. गिअर उताराच्या डोक्यावर, गाडी जवळजवळ उभी करून टाकायचा. एकदा गाडीनं वेग पकडला की खालचा गिअर पडत नाही, आणि धडपडीत गाडी न्यूट्रलला अडकली तर होता तो गिअरही हातचा जातो. जुने लोक सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. तेव्हाच्या गाड्यांना ते बरोबर होतं. आजची टर्बो इंजिनं ताकदवान असतात, चढ वरच्या गिअरमध्ये सहज ओढतात, पण उतारावर रोखून धरायची त्यांची ताकद त्या मानानं वाढलेली नाही. म्हणून मी पोरांना सांगतो, चढलास त्याच्यापेक्षा एक खाली. ऑटोमॅटिक पिकअप असेल तर ‘डी’मध्ये ठेवून निवांत उतरू नका, गिअर हातानं धरून ठेवायची सोय जवळपास प्रत्येक गाडीत असते. तुमच्या किती चालकांना ती दाखवली आहे?

एवढं करूनही वेग वाढला तर ब्रेकवर पाय टेकवून ठेवायचा नाही. ठरवलेल्या वेगाला गाडी पोचली की चांगला ठाम ब्रेक मारायचा, वेग आठ-दहा किलोमीटरनं खाली आणायचा, पाय पूर्ण काढायचा. पाय काढलेल्या वेळात ड्रमला वारा लागतो. हलका हलका ब्रेक सतत धरला तर तो वेळच मिळत नाही. शिवाय सगळ्या चाकांची ॲडजस्टमेंट सारखी नसेल तर हलक्या दाबाला आधी दोनच चाकं धरतात आणि सगळ्यांची उष्णता तीच खातात. उलट, हवेचे ब्रेक घाईघाईनं पंपासारखे मारत राहिलं तर टाकीतली हवा भरण्यापेक्षा लवकर संपते.

चालक हे का करत नाही? तो गाढव आहे म्हणून नाही. पहिल्या फॉर्ममधला डंपर न्यूट्रलमध्ये उतरत होता. गाडी सापडली तेव्हा गिअर लिव्हर मधोमध होता. मी फॉर्मवर लिहिलं, ताबा सुटला. हे लिहिलं नाही की त्या कंपनीत दर महिन्याला डिझेलचा ॲव्हरेज काढायचे, सगळ्यांची नावं फळ्यावर लावायचे, वरच्या तिघांना बक्षीस आणि खालच्या तिघांना ऑफिसात बोलावणं. फळ्यावरची पहिली तिन्ही नावं घाट न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांची होती. हे क्लीनरपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. ऑफिसला ठाऊक नव्हतं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्यातली सगळ्यात वैतागाची गोष्ट अशी की न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं हेच आता खरं नाही. आजच्या बहुतेक डिझेल इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन पूर्ण बंद होतं. चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलला टाकलं की इंजिन चालू राहण्यासाठी स्वतःचं डिझेल जाळायला लागतं. म्हणजे ज्या बचतीसाठी हा जीवघेणा खेळ चालतो ती बचत उलट्या दिशेला आहे. काही महाभाग तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि उरलेल्या हवेत जेवढे ब्रेक लागतील तेवढेच. तो ॲव्हरेजचा फळा काढून टाका. निदान घाटातल्या गाड्यांना त्यातून वगळा. एक पैसा खर्च होणार नाही.

खर्च करायचाच असेल तर एक्झॉस्ट ब्रेक आणि रिटार्डरवर करा, म्हणजे चाकांचे ब्रेक न वापरता उतारावर गाडी रोखून धरणाऱ्या यंत्रणांवर. गाडी घेताना पैसे वाचवायला ते वगळतात, किंवा आहे तो बिघडला की ‘गाडी चालते ना’ म्हणून दुरुस्त करत नाहीत. १९३१ मध्ये क्लेसी कमिन्स, डिझेल इंजिनांच्या कंपनीचे संस्थापक, आपल्याच इंजिनाचा ट्रक घेऊन अमेरिका आडवी पार करायला निघाले होते. कॅलिफोर्नियात कहोन खिंड उतरताना ब्रेक गेले, आणि तळाशी रेल्वे फाटकावर मालगाडी आलेली. थोडक्यात वाचले. ती धडकी माणसाच्या मनातून गेली नाही, आणि पुढे त्यांनी इंजिनालाच ब्रेक बनवणारी योजना तयार केली. ती १९६१ मध्ये बाजारात आली. इंजिन बनवणाऱ्या माणसालाही स्वतः घाट उतरल्याशिवाय ते सुचलं नाही. तुम्हीही वर्षातून एकदा भरलेल्या गाडीत, क्लीनरच्या सीटवर बसून घाट उतरा. मी गंमत करत नाही. (एक सूचना मात्र पोरांना द्या : गाडी रिकामी आणि रस्ता ओला असेल तर हाच इंजिनाचा ब्रेक फक्त मागची चाकं धरून गाडी आडवी करू शकतो. तेव्हा तो बंद ठेवायचा.)

दुसरा फॉर्म पाण्याच्या टँकरचा.

टँकर भरून निघाला होता. अर्धं पाणी वरच्या कॅम्पला टाकलं, अर्धं खालच्या कॅम्पला न्यायचं होतं. रोज असंच चालायचं, कारण दोन फेऱ्यांऐवजी एक होते. अर्धा टँकर हलका, म्हणजे सोपा, असं ऑफिसला वाटतं. चालवणाऱ्याला विचारा. भरलेल्या टँकरमध्ये पाण्याला हलायला जागाच नसते. अर्ध्यामध्ये पाणी जिवंत असतं. ब्रेक मारून गाडी थांबते तोवर मागचं पाणी पुढे येऊन पाठीवर लाथ मारल्यासारखं ढकलतं. वळणावर ते बाहेरच्या अंगाला चढतं, म्हणजे गाडी ज्या बाजूला कलायला बघते त्याच बाजूला आणखी चार-पाच टन सरकतात. आतले आडवे पडदे पुढे-मागे होणारं पाणी अडवतात, बाजूला जाणाऱ्याला त्यांचा फारसा उपयोग नाही.

आणि वेग. ताशी ३० च्या जागी ४० नं वळण घेतलं तर बाहेर फेकणारा जोर तिसऱ्या हिश्श्यानं वाढेल असं वाटतं. तो पाऊणपटीहून जास्त वाढतो, कारण हिशेब वेगाच्या वर्गाचा आहे. त्या दिवशीचा टँकर किती वेगानं होता मला माहीत नाही. चालक म्हणाला ३५. फॉर्मवर मी ‘भरधाव’ लिहिलं, कारण तो शब्दही सगळ्यांना पाठ असतो. तो त्याच्या जागेवर, दरवाजा आणि उंबराच्या बुंध्याच्या मधे, पाय अडकून अडीच तास होता. पाय वाचला. पुन्हा क्लच दाबण्याइतका नाही.

माल कसा भरायचा हे चालक ठरवत नाही. तो येतो तेव्हा गाडी भरलेली असते. जड वस्तू वर आणि हलक्या खाली, एका अंगाला मशीन आणि दुसऱ्या अंगाला रिकामे बॅरल, ताडपत्री बांधलेली म्हणून आत काय आहे ते दिसतही नाही. ‘बघून घे’ म्हणणारा कुणी नसतो आणि ‘पुन्हा भरा’ म्हणायची त्याची छाती नसते. भरणाऱ्याची सही फॉर्मवर कुठे आहे? मला रकानाच सापडत नाही.

टायरांबद्दल लांबण लावत नाही. सपाटीवर घासलेले टायर घाटाच्या गाडीला चढवू नका, एवढंच.

तिसऱ्या फॉर्मबद्दल लिहायला मला जड जातं.

पिकअप होता. मागे हौद्यात सिमेंटची पोती, पोत्यांवर सात माणसं, माणसांच्या मांडीवर पहारी आणि एक कटर मशीन. पहाटे चारला निघाली. चालक आदल्या दिवशी सकाळी सहाला उठला होता. दिवसभर साईटवर, संध्याकाळी माल उतरवायला, रात्री टायर बदलायला. पहाटे त्याला पुन्हा उठवलं असं म्हणता येणार नाही, कारण तो झोपलाच नव्हता. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं की सलग १७ तास जागा राहिलेला माणूस हात आणि नजर जुळवण्याच्या कामात रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो. आमचा चालक २२ तास जागा होता. दारू प्यायलेल्या माणसाला तुम्ही किल्ली दिली नसती. गेटवर तोंडाचा वास घेतात, डोळे कुणी बघत नाही.

एका सरळसोट उतारावर, जिथं वळणही नव्हतं, गाडी हळूच डावीकडे गेली. रात्रभर पाऊस झालेला. डांबराची कड बाहेरून अखंड दिसते, पण खालची माती वाहून गेलेली असते. रिकामी गाडी तिच्यावरून जाते. लोड असलेलं चाक कडेला आलं की डांबर बिस्किटासारखं मोडतं. गाडी दोन पलट्या खाऊन झाडांत अडली. चालकाला पट्टा होता, त्याला खरचटलं. मागच्या सात जणांना पट्टा कुठून असणार? पोती होती. एक गेला. त्याचं वय फॉर्मवर माझ्या अक्षरात आहे, १९.

खाली मी लिहिलं, चालकाचा ताबा सुटला.

आता हे सगळं वाचून ‘चालकांचं प्रशिक्षण घेऊ’ असं ठरवाल आणि मलाच बोलवाल. घ्या, मी येईन. पण माझा वर्ग संपवून पोरगा बाहेर पडतो आणि त्याचा फोन वाजतो : “कुठे पोचलास? अजून तिथंच?” मी शिकवलेलं त्या एका फोननं धुऊन निघतं. घाटात असताना ऑफिसचा फोन मी स्वतः उचललेला आहे, एक हात स्टिअरिंगवर, अंगावर येणारं वळण, आणि तोंडानं “हो साहेब, निघालोच साहेब”. नाही उचलला तर का उचलला नाही हे संध्याकाळी सांगावं लागायचं. आता तर गाडीला ट्रॅकर आहे. पडद्यावर गाडीचा ठिपका दिसतोय. तरी फोन कशाला?

वेळापत्रक करताना घाटाचे किलोमीटर सपाटीच्या वेगानं भागू नका. भरलेल्या गाडीला उतार चढापेक्षा जास्त वेळ घेऊ शकतो, घ्यायलाच पाहिजे. माथ्यावर दहा मिनिटं थांबून टायर ठोकून बघणं, हवा किती आहे बघणं, गिअर ठरवणं, ही दहा मिनिटं वेळापत्रकात लिहिलेली हवीत. लिहिलेली नसतील तर चालक ती चोरून घेतो, किंवा घेतच नाही.

‘आज जात नाही’ म्हणायचा अधिकार कुणाचा, हे कागदावर असलं पाहिजे. धुकं आहे, दरड आलीय, गाडी ओढतेय, डोळे मिटतायत. यातलं काहीही असेल आणि चालक म्हणाला नको, तर नको. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरातल्या टपाल रस्त्यांवर निळ्या पाटीवर पिवळं शिंग काढलेलं असतं. ती पाटी असली की अरुंद जागी कुणी थांबायचं, कुणी मागे घ्यायचं हे टपाल बसचा चालक सांगतो आणि बाकीच्यांनी ते ऐकायचं असतं, मग समोरची गाडी कितीही महागाची असो. वळणाआधी त्याचा तीन सुरांचा भोंगा ऐकू येतो. तिथल्या कायद्यानं चालकाच्या शब्दाला वजन दिलंय. बोलिव्हियात युंगास या डोंगराळ भागातल्या जुन्या रस्त्यावर देशभरातला उजवीकडून चालायचा नियम उलटा केलेला आहे, गाड्या डावीकडून चालतात. का, तर चालक डाव्या सीटवर असतो, आणि दरी त्याच्या खिडकीखाली आली की आपलं चाक कडेपासून किती बोटं आहे ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. चालकाला काय दिसतं याचा विचार करून आख्ख्या रस्त्याचा नियम फिरवला. आपल्याला एका ट्रिपची वेळ फिरवता येत नाही.

आपल्याकडे उलट चालतं. एकेरी रस्त्यावर समोरासमोर गाड्या आल्या की ज्याला जास्त उशीर झालाय तो दामटतो. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियम सगळ्यांना माहीत आहे. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलताना क्लच जळतो किंवा गाडी मागे सरकते. पण मागे घ्यायला उतरणाऱ्याकडे माणूस पाहिजे. पैसे वाचवायला तुम्ही क्लीनर काढून टाकले. आता रिव्हर्स कोण दाखवणार? कॅमेऱ्यावर चिखल असतो. आणि चाकाखाली दगड कोण लावणार, हे तर विचारूच नका. घाटातल्या मोठ्या गाडीवर दुसरा माणूस आणि दोन चांगले लाकडी ठोकळे हवेतच.

छोट्या गाड्यांच्या ब्रेक ऑइलचंही सांगून ठेवतो, कारण ते कुणी बदलत नाही, फक्त कमी झालं की वरून ओततात. हे तेल हवेतला ओलावा पितं. डॉट ३ प्रकारचं नवं तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळायला नको, असं मानक आहे. पाणी मुरलेल्या तेलाला ती मर्यादा १४० वर येते. तेल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पॅडल थेट तळाला. थंड झालं की वाफेचं पुन्हा तेल, आणि मेकॅनिक लिहितो : ब्रेक व्यवस्थित. दोन वर्षांतून एकदा सगळं तेल काढून नवं भरायला फार पैसे लागत नाहीत.

आणखी एक, याबद्दल मोकळेपणानं कुणी बोलत नाही. काही घाटांत ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी चढती वाट काढलेली असते, वाळू किंवा सुट्या खडीची. गाडी तिच्यात घातली की रुतून थांबते. माझ्या ओळखीचे दोन चालक ब्रेक गेलेले असताना अशा वाटेसमोरून पुढे गेले. का, तर गाडी रुतली की क्रेन लागते, क्रेनचे पैसे कोण देणार, आणि ‘घाबरून गाडी रुतवली’ म्हणून नाव जाणार. त्या दोन सेकंदांत त्यांच्या डोक्यात दरी नव्हती, पगार होता. लेखी कळवा प्रत्येकाला, की त्या वाटेत गाडी घातली तर एक रुपयाही कापला जाणार नाही आणि कुणी जाब विचारणार नाही. डोंगराला घासून गाडी थांबवली तरीही. मला हे माझ्या तिसऱ्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर मी धूर दिसल्या दिसल्या गाडी घासली असती, वळणापर्यंत थांबलो नसतो.

चालकांची चूक नसतेच असं मी म्हणत नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघत घाट उतरणारे मी पाहिलेत, आंधळ्या वळणावर ओव्हरटेक करून वर हसणारे पाहिलेत, आणि दोघांना मी स्वतः किल्ली काढून घेऊन घरी पाठवलंय. त्यांच्या फॉर्मवर ते वाक्य शोभतं. तिथं ते लिहाच.

बाकीच्यांसाठी त्या रकान्याखाली जागा करा. गाडी कुणी भरली, किती भरली, चालक किती तास जागा होता, किती वाजता पोचायला सांगितलं होतं, कुणी सांगितलं होतं, घाटात असताना त्याला किती फोन गेले, ड्रम उघडून कुणी पाहिले. सात ओळी होतील. नवा फॉर्म छापायचा खर्च वाटत असेल तर मागची बाजू कोरीच असते.

ते तिन्ही फॉर्म मी जिथं नोकरीला होतो तिथल्या कपाटात असतील. डंपरवाला आता दुसऱ्याच्या शेतात ट्रॅक्टर चालवतो, त्याला मोठी गाडी कुणी देत नाही, कारण जुन्या ठिकाणी विचारलं की माझं वाक्य वाचून दाखवतात. तिन्हींवर कारणाच्या रकान्याशेजारी सही माझी आहे. कपाट उघडणार असाल तर दिवस आणि वेळ कळवा. खोडून खाली नवीन लिहायला मी स्वतःचा पेन घेऊन येतो.

आपला,
घाटातल्या गाड्यांवर २२ वर्षं काढलेला एक चालक